रुचाला कुठल्या विषयात नापास करायचं

जून महिन्यात वाग्विलास हायस्कूलच्या शिक्षकखोलीत बसणं ही शिक्षाच होती, आणि ती अक्कांनी सगळ्या मोघे घराण्याला एकदम फर्मावली होती. हे घरी बोलायचं नाही, असा त्यांचा हुकूम. घरात रुचाची खाट अजून भिंतीला लागून तशीच होती आणि त्या खाटेसमोर हा विषय काढण्याची हिंमत अक्कांनाही होत नव्हती. अर्थात त्यांनी तसं सांगितलं नाही. शाळेचं काम शाळेत, एवढंच म्हणाल्या.

म्हणून रविवारी सकाळी मुख्याध्यापक नरहर मोघे स्वतःच्याच शाळेचं कुलूप स्वतः उघडत गंगेकाठी दूधविनायकच्या गल्लीत उभे होते. सुट्टीमुळे शिपाई गावी गेला होता. बिजली पहाटेच गेली होती. एरवी शिक्षकखोलीच्या खिडकीच्या गजांना माकडं लटकलेली असत आणि आतल्या माणसांचं निरीक्षण करत. उकाड्यापायी आज तीही फिरकली नव्हती. नरहरांना ते बरं वाटलं. आज जे ठरायचं होतं त्याला साक्षीदार जितके कमी तितके चांगले.

हातांच्या एकुलत्या एका खुर्चीत विद्युल्लताक्का बसल्या. भावंडांत थोरल्या. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं होऊन माहेरी आल्या, मग हयातभर हिंदी शिकवलं, आणि आता शाळेच्या कार्यकारिणीच्या अध्यक्ष होत्या. कार्यकारिणीत आणखीही सभासद होते, पण ते अध्यक्षांशी सहमत होण्यापुरते. खिडकीशी धाकटा भाऊ वेणीमाधव उभा होता. शिंदे घाटावर यजमानांची श्राद्धं-पिंडदानं करून त्याचा आवाज कायमचा समजुतीचा झाला होता. भाजीवाल्याशी तो भाव करी तेव्हाही कुणीतरी गेल्यासारखं वाटे. दाराजवळच्या बाकावर नरहरांचा मुलगा विश्वजीत, बँकेतला, मांडीवर कॅल्क्युलेटर घेऊन. आणि लांब टेबलाच्या टोकाला, गेली कित्येक वर्षं मधल्या सुट्टीत ती जिथे डबा उघडत आली तिथेच, वेणीमाधवची बायको वैदेही. शाळेची गणिताची शिक्षिका. रुचाची आई.

भानगड सुरू झाली होती ती एका चांगल्या कल्पनेपासून.

आजवर राज्यात शाळेची श्रेणी ठरत असे ती दहावीच्या निकालाच्या टक्क्यावर. क म्हणजे उत्तम, ख म्हणजे चालेल, ग म्हणजे अनुदान बंद. पाचेक वर्षांपूर्वी कॉपीविरोधी कायदा आला तेव्हा भल्याभल्या शाळांचे निकाल झोपले. वाग्विलासचा जिथल्या तिथे राहिला, कारण तिथे कॉपीची सोयच नव्हती. वर्गात वीस-बावीस मुलं, निम्मी एकमेकांची चुलत-आते-मामे भावंडं, आणि कोणी मान वळवली तर संध्याकाळपर्यंत दुर्गाघाटावर त्याच्या आजीला कळायचं. मराठी मंडळींनी नरहरांना त्या वर्षी शाल दिली. समारंभ जूनमध्ये झाला, तरी घरी पोचेपर्यंत त्यांनी ती अंगावरून काढली नाही.

मग वर कोणाच्या तरी ध्यानात आलं, की हुशार मुलं घेणारी शाळा आयतीच हुशार ठरते. खरी शाळा ती, जी पोराला होतं तिथून पुढे नेते. तेव्हा यंदापासून श्रेणी द्यायची ती प्रगतीवर. प्रत्येक मुलाचे नववीतले गुण घ्यायचे, दहावीतले घ्यायचे, फरक काढायचा आणि सगळ्यांची सरासरी. सरासरी शून्याच्या चांगली वर गेली तर क, थोडी वर राहिली तर ख, खाली गेली तर ग. परिपत्रक वाचून नरहरांनी मान डोलावली होती. गेली तीस वर्षं ते हेच सांगत आले होते, आणि उशिरा का होईना ते खात्याला ऐकू गेलं याचा त्यांना आनंद झाला होता. तो दुपारपर्यंत टिकला.

नववीचे गुण आजवर कोणी मागत नसे. ती शाळेची घरची परीक्षा. आता ते पंधरवड्यात पाठवायचे होते, म्हणजे दहावीचा निकाल हाती आल्यावर नववीचा निकाल लावायची संधी सगळ्या राज्याला मिळाली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका टोलेजंग शाळेत नववीची झाडून सगळी मुलं चौतीस टक्क्यांवर पास झाली होती, असं आता उघडकीला आलं. एवढी मंद मुलं एकाच इमारतीत गोळा व्हावीत आणि वर्षभरात त्या सगळ्यांनी झेप घ्यावी, हा चमत्कारच होता, आणि त्या शाळेला क मिळणार हे नक्की होतं.

वाग्विलासमध्ये असलं काही होणार नाही, असं नरहरांनी सांगितलं. वैदेहीने नववीचे गुण होते तसे उतरवून काढले. ती मुळातच हात आखडून गुण देणारी, त्यामुळे दहावीत मुलं जराशी वर चढली होती. शून्याच्या वर राहण्याइतकी.

एक सोडून. रुचा नववीत वर्गात पहिली होती, एक्क्याऐंशी टक्के. गेल्या श्रावणात मेंदूज्वराने ती तीन दिवसांत गेली. दहावीच्या परीक्षेला गैरहजर, म्हणजे खात्याच्या हिशेबी शून्य. तिच्या एकटीच्या घसरगुंडीने सगळा वर्ग शून्याखाली ओढला होता.

मेलेल्या मुलीचं नाव दहावीच्या यादीत गेलं कसं, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड होतं. शाळा काढणारे आप्पा, म्हणजे या भावंडांचे वडील. त्यांच्या काळी एक विद्यार्थी गंगेत बुडाला, आणि आप्पा त्याचं वर्षश्राद्ध होईपर्यंत रोज हजेरीत त्याचं नाव घेत राहिले. नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं, पुढचं नाव घ्यायचं. तेव्हापासून तो शाळेचा नियम झाला: वर्ष व्हायच्या आत नाव खोडायचं नाही. सप्टेंबरात बोर्डाचे फॉर्म आले तेव्हा नरहरांनी इतरांबरोबर रुचाचाही भरला. फोटो चिकटवला. उमेदवाराच्या सहीची जागा रिकामी होती. तिथे वैदेहीने रुचाच्या अक्षरात सही केली, च ची शेपटी तिच्यासारखीच डावीकडे वळवून. मोघ्यांच्या घरात त्याला श्रद्धा म्हणत होते. कायद्यात त्याला दुसरं नाव असावं, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही.

विश्वजीतने कॅल्क्युलेटरवर हिशेब पुन्हा केला आणि आकडा पुन्हा तोच आला. शनिवारपासून तो तोच येत होता.

मग तो म्हणाला की इतकं घोळवायचं कशाला, सीधी बात आहे. मुलगी वारली असं लिहून द्यायचं, दाखला जोडायचा, तिचं नाव वगळतील. पगार सगळ्यांचे चालू राहतील, शाळा ख मध्ये बसेल, आणि खोटं बोलायला नको. बोलताना तो काकूकडे बघत होता. आपण तिची बाजू घेतोय असं त्याला वाटत होतं.

नरहरांना तेच सांगायचं होतं आणि तेच सांगवत नव्हतं. शुक्रवारी ते जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आले होते. तिथल्या बाबूने त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत अगदी हळुवारपणे विचारलं, "मास्टर साहब, बच्ची अगस्त में नहीं रही। फॉर्म पर दस्तखत सितंबर के हैं। किसके हैं?"

नरहरांनी ग्लासातलं पाणी संपवलं होतं. बाबूने प्रश्न पुन्हा विचारला नाही. म्हणून तो माणूस भला, असं नरहरांचं आजही मत होतं. उठताना त्याने वाटही दाखवली: नौवीं में फेल दिखा दीजिए. नववीत नापास झालेल्याचा दहावीचा फॉर्म आपोआप रद्द होतो. जी दहावीला नव्हतीच, तिची घसरण कसली मोजणार? फक्त ज्या विषयात नापास, त्याची उत्तरपत्रिका जोडायची.

हे सगळं सांगून झाल्यावर नरहरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. तो स्वच्छच होता.

विश्वजीतने कॅल्क्युलेटर बंद केला. "मग दाखला राहू द्या," तो म्हणाला. "पोलीस केस काकूवर होईल."

तेवढ्यात त्याने बाजू बदलली होती. नरहरांना पोराचा राग यायला हवा होता, आला नाही. आपण शुक्रवारीच बदलली होती.

वेणीमाधव खिडकीशीच होता. तो म्हणाला, "दादा, कागदावरच ना? नावापुरतं. मग करून टाका. ती काय बघायला येणार आहे?"

गंगेवर आलेल्या यजमानाला कुठला विधी गाळला तरी चालेल हे सांगताना त्याचा आवाज असाच होई. वैदेहीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. वेणीमाधव खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर समोरच्या घराची भिंत होती.

अक्कांनी मग सगळं नीट मांडलं. त्या मांडण्यात कुशल होत्या. सात शिक्षक आहेत. त्यांतल्या चौघांच्या घरात दुसरी कमाई नाही. अनुदान जुलैपासून बंद झालं तर दिवाळीपर्यंत शाळा बंद. मुलांना दुसरीकडे घेतील, पण शेवटच्या बाकावर, आणि मराठी कानावर पडेल ती फक्त घरात. आप्पांनी एका खोलीत काढलेली ही शाळा. तिने इंग्रज पाहिले, कायदा पाहिला, आणि ती बुडायची ती आपल्याच घरातल्या एका मुलीच्या पायी. शेवटचं वाक्य त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. म्हणून झाल्यावर त्यांनी पदर सावरला.

"तू सांग, वैदेही," त्या म्हणाल्या. "तू नाही म्हणालीस तर नाही."

वैदेहीने विचारलं, "कुठल्या विषयात?"

कोणाला समजलं नाही.

"नापास करायचं तर विषय लागेल ना," ती म्हणाली. वर्गात फळ्याकडे पाठ करून विचारावं तसं तिने विचारलं. "कुठल्या विषयात नापास झाली ती?"

हे सोपं असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. विश्वजीतने लगेच संस्कृत सुचवलं. संस्कृतची उत्तरपत्रिका तिथे कोण वाचणार आहे, कोणाला कळतं तरी का.

"संस्कृत नाही," वेणीमाधव म्हणाला.

घाटावरचा समजुतीचा आवाज गेला होता. नरहरांनी तो आवाज गेलेला लहानपणानंतर प्रथमच ऐकला. वेणीमाधव सांगत होता, की पाचव्या वर्षी ती माझ्या मागे पहाटे घाटावर यायची आणि पायऱ्या उतरत रूपं म्हणायची, एका पायरीला एक. नावापुरतं म्हटलं मी, पण नावापुरतंसुद्धा माझ्या मुलीला शब्द चालवता येत नव्हते असं कागदावर जाणार नाही. दुसरं काहीही करा.

अक्का समजुतीने म्हणाल्या की बरं, संस्कृत नको. विश्वजीतने हिंदीचं नाव काढलं, आणि अक्कांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. मराठी घरातली मुलगी हिंदीत पहिली, हे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं होतं. एवढंच नाही, ती निबंधात अक्कांनाच चुका दाखवायची, आणि त्या खऱ्या असायच्या.

"तर मग अंग्रेजी," वेणीमाधव म्हणाला, आणि विश्वजीतकडे बघत थांबला.

विश्वजीत बाकावर उगाच सरकला. कॅल्क्युलेटरचं झाकण त्याने दोनदा उघडून मिटलं. शेवटी हिंदीत म्हणाला की देखिए, अंग्रेजी मैंने पढ़ाई थी उसको. दर शनिवारी. बँकेतून आल्यावर.

विज्ञान उरलं. विज्ञान नरहर स्वतः शिकवत. आपण मोठे, आपण त्याग करायचा, असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्याच कानांवर आलं की विज्ञानात तिला एकोणऐंशी होते आणि ते आपण कमी दिले होते. खरे पंच्याऐंशी. पुतणी म्हणून कोणी काही म्हणू नये, म्हणून कापले होते.

तेव्हा पाव तासापूर्वी रुचाला नापास करायचं एकमताने ठरवलेल्या माणसांना, ती नापास होईल असा एकही विषय सापडेना. प्रत्येकाने आपापल्या दारापुढे तिला उभं केलं होतं आणि आत घेतलं होतं. एखाद्या मुलीचं याहून मोठं कौतुक नरहरांनी पाहिलं नव्हतं, आणि ते ऐकायला ती नव्हती.

अक्कांना इतिहास-भूगोल आठवला. तो सीता टीचर शिकवायच्या, त्या घरच्या नव्हत्या, आणि त्या इथे नव्हत्या. खोलीत सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. पण उत्तरपत्रिकेवर सही सीता टीचरची लागली असती, म्हणजे त्यांना सांगावं लागलं असतं, आणि सीता टीचरना सांगितलेली गोष्ट पुन्हा कोणाला वेगळी सांगावी लागत नसे.

"गणित," वैदेही म्हणाली.

नरहर म्हणाले की विचार कर, घाई नाही, मंगळवारपर्यंत मुदत आहे.

"गणित, सर. त्याच्यावर सही तुमचीच आहे." हे खरं होतं. आपल्या मुलीचा पेपर आपण तपासायचा नाही म्हणून गेल्या वर्षी रुचाचा गणिताचा पेपर तिने नरहरांकडे दिला होता. त्यांनी चौऱ्याण्णव दिले होते. तो पेपर आता वैदेहीच्या ट्रंकेत होता हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि तो कोणी मागितला नाही. "नवा मी लिहिते. अक्षर मलाच जमतं."

घरी ती त्यांना भाऊजी म्हणे, शाळेत सर. आज शाळा होती.

नरहरांनी कपाटातून गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि शिक्क्याची कोरी उत्तरपत्रिका काढून दिली. वैदेहीने पदराने टेबलावरची धूळ पुसली, पट्टीने उजवीकडे समास आखला आणि लिहायला बसली.

बाकीचे बाहेरच्या पडवीत गेले. तिथे उकाडा आणखी होता, पण तिथे बसता येत होतं. विश्वजीतने जाऊन कचोऱ्या आणल्या. खायची इच्छा नाही, असं एकेकाने सांगितलं, आणि कचोऱ्या संपल्या. वेणीमाधव पायरीवर बसून पंच्याने वारा घेत राहिला. त्याच्या आणि अक्कांच्या मध्ये सकाळपासून काहीतरी बिनसलं होतं. ते कशामुळे हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते उन्हावर ढकलत होते. अक्कांनी एकदा, त्याला ऐकू जाईल इतपत, नरहरांना सांगितलं की मी तसं म्हणायला नको होतं. वेणीमाधवने पंचा दुसऱ्या खांद्यावर घेतला. त्याने क्षमा केली की नाही ते नरहरांना कळलं नाही.

दारातून नरहरांना वैदेही दिसत होती. घामाने कागद मनगटाला चिकटत होता. ती तो सोडवून पुढे लिहीत होती. कच्चं काम ती समासात करत होती, बारीक, आणि झालं की त्यावर एक तिरपी रेघ. ती रुचाची सवय. नरहरांनी किती वेळा तिला सांगितलं होतं की कच्चं काम खोडू नये, ठेवावं, तपासणाऱ्याला विचार दिसतो.

वैदेहीने हाक मारली तेव्हा ते आत गेले. मागोमाग सगळे आले. नरहर उभ्यानेच वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"वैदेही, हे सगळं बरोबर आहे."

"हो."

"अगं, पण चुका..."

"तिच्या अक्षरात मला चूक लिहिता येत नाही, सर. दोनदा करून पाहिलं. हात बरोबरच जातो." तिने लाल पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "चुका तुम्ही काढा."

नरहरांनी पेन उघडलं. पस्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. झोपेतही केलं असतं. पहिल्या गणिताशी पेनाचं टोक आलं. ते गणित सुबक होतं, एकेक पायरी एकेका ओळीवर, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. त्यावर फुली मारायला कारण लागतं, आणि त्यांचा हात कारण शोधत थांबला. त्यांनी दुसरं गणित बघितलं. तिथेही नव्हतं. टोकाशी लाल ठिपका पसरायला लागला तेव्हा त्यांनी पेन उचललं.

"आण इकडे," अक्का म्हणाल्या. "मला गणितातलं काही कळत नाही."

त्यांनी उत्तरपत्रिका पुढ्यात ओढली आणि पहिल्या गणितावर फुली मारली. मग दुसऱ्यावर. एकसारख्या फुल्या, ना मोठ्या ना लहान. पान उलटताना त्या बोट जिभेला लावत नव्हत्या. तोंड कोरडं पडलं असावं. वेणीमाधव खोलीबाहेर गेला नाही, पण तोंड फिरवून उभा राहिला. शेवटच्या पानावर शेवटची फुली मारून त्यांनी पेन बंद केलं, आणि चष्मा काढून डोळे मिटून बसल्या.

"किती झाले?" वैदेहीने विचारलं.

सगळं चूक म्हणजे शून्य. नरहर म्हणाले की शून्य चालायचं नाही. वर्गात पहिली आणि गणितात शून्य, म्हटल्यावर बाबूसुद्धा खुर्ची द्यायचा नाही. तेहतीसच्या खाली पाहिजे, पण माणसासारखं. वीस, बावीस.

वैदेहीने उत्तरपत्रिका स्वतःकडे फिरवली. पानं उलटत गेली. मग बोट ठेवत म्हणाली, "हे राहू दे. हे. आणि हे वर्तुळाचं."

नरहरांनी पाहिलं. तिन्ही गणितं पुस्तकातल्या रीतीने सोडवलेली नव्हती. वर्तुळाचं तर चार ओळींत उरकलं होतं. पुस्तकात त्याला पाऊण पान लागतं.

"हीच का?"

"ही तिची तिने काढलेली. बाकीची मी शिकवली होती." तिने बोट उचललं नव्हतं. "माझी चुकू देत."

मग विश्वजीतने घसा साफ करून सांगितलं की ओव्हररायटिंग चालायची नाही, फुली मारून वर बरोबरची खूण केली तर पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल. हे सगळ्यांनाच दिसत होतं. तीनही गणितांवर अक्कांची फुली होती, आडवी-उभी, अगदी मधोमध.

अक्का म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं."

असं वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय म्हणायचं असतं हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

"असू दे, वन्सं," वैदेही म्हणाली. तिने नरहरांकडे हात पुढे केला. त्यांनी कपाटातून दुसरी कोरी उत्तरपत्रिका काढून दिली. वेणीमाधव म्हणाला की आता घरी चल, जेव, उद्या लिही. नरहरही तेच म्हणाले. तिने दोघांना हो म्हटलं, पट्टी घेतली, समास आखला आणि सगळ्यात वर रुचाचं पूर्ण नाव लिहिलं. मग प्रश्नपत्रिका उलटी करून बाजूला सारली. आता ती लागत नव्हती.

नरहर दाराशी थांबून बघत होते. पहिल्या खेपेपेक्षा ती पुष्कळ हळू लिहीत होती.